दोन दिवसांच्या मुंबई भेटीत छायाचित्रणाच्या जागा कशा हेराव्यात

कामानिमित्त, लग्नकार्यासाठी किंवा केवळ शहर पाहण्यासाठी दोन दिवस मुंबईला येणाऱ्या आणि बॅगेत कॅमेरा टाकून आणणाऱ्या माणसाला ठिकाणांची नावे कमी पडत नाहीत. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, सी लिंक ही नावे घरून निघण्यापूर्वीच त्याला पाठ असतात. त्याला हवी असते ती दुसरीच माहिती: तेथे किती वाजता पोहोचायचे, रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे आणि तोंड कोणत्या दिशेला करायचे. ही तीन उत्तरे हाती नसतील, तर भर दुपारी बारा वाजता पांढुरक्या आकाशाखाली, गर्दीच्या डोक्यांवरून दिसेल तेवढी कमान टिपून परतावे लागते. ही उत्तरे घरबसल्या कशी काढावीत आणि मुंबईत उतरल्यावर ती कशी पडताळावीत, हे येथे दक्षिण मुंबईतील उदाहरणे घेऊन सांगितले आहे. उदाहरणे मुद्दाम एकमेकांपासून जवळच्या ठिकाणांची निवडली आहेत, कारण दोन दिवसांत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत धावणाऱ्याच्या हाती प्रवासाखेरीज फारसे काही लागत नाही.

नकाशावर आधी मोकळी जागा शोधावी

उंच इमारतीचे चांगले छायाचित्र घ्यायचे तर मागे सरकायला जागा लागते. फोर्टमधील गल्लीत ती मिळत नाही. तेथे वाइड लेन्स लावून कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. म्हणून नकाशा उघडल्यावर प्रसिद्ध इमारती शोधण्याआधी मैदान, तलाव, बाग, रुंद चौक, पूल आणि पाण्याचा काठ अशा मोकळ्या जागा शोधाव्यात आणि मग त्यांच्या कडेला काय उभे आहे ते पाहावे. दक्षिण मुंबईच्या उपग्रह नकाशात ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने एका ओळीत दिसतात. इंग्रजांच्या जुन्या मुंबई किल्ल्याच्या तटाबाहेर शत्रूवर मारा करता यावा म्हणून जी जमीन मोकळी ठेवली होती, तिचे हे अवशेष आहेत. १८६० च्या दशकात तट पाडले गेले आणि त्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेने उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या इमारती उभ्या राहिल्या. शहराच्या सर्वांत देखण्या इमारतींसमोर आजही शंभर-दीडशे पावले मागे सरकता येते, ते या लष्करी कारणामुळे.

हीच नजर ठेवून हॉर्निमन सर्कल पाहिले, तर गोल बागेच्या पूर्वेला एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल दिसतो. १८३३ साली पूर्ण झालेली ही इमारत, तिचे खांब आणि रुंद पायऱ्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत. (लग्नापूर्वीचे फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांनाही हा शोध फार पूर्वी लागला आहे, त्यामुळे तेथे कोणी एकटा, रिकाम्या पायऱ्यांचे छायाचित्र मिळेल या आशेने गेला, तर त्याला बराच धीर धरावा लागतो.) गिरगाव चौपाटीच्या पश्चिमेला मलबार हिल आहे, म्हणजे खालच्या किनाऱ्याचे अख्खे वळण दिसेल असा उंचवटा तेथे असणारच, हे नकाशावरूनच ताडता येते. प्रत्यक्षात ती जागा कमला नेहरू उद्यानात, म्हणजे ज्याला सगळे ‘म्हातारीचा बूट’ म्हणून ओळखतात त्या बागेत आहे.

अशा सहा-सात जागा निघाल्या की नकाशावर खुणा करून ठेवाव्यात. त्याहून अधिक खुणा केल्यास त्यांतील निम्म्या ठिकाणी चुकीच्या वेळी पोहोचणे अटळ ठरते.

सूर्य कोणाच्या पाठीशी आहे

मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली अरुंद जमीन आहे. पूर्वेला बंदराचे पाणी आणि पश्चिमेला अरबी समुद्र असल्यामुळे पूर्वेचा काठ सकाळचा आणि पश्चिमेचा काठ संध्याकाळचा, अशी ढोबळ वाटणी आपोआप होते. मात्र ती पुरेशी नाही. सूर्य चित्रात हवा आहे की सूर्याने उजळलेली वस्तू चित्रात हवी आहे, हे प्रत्येक ठिकाणी आधी ठरवावे लागते, आणि या दोन्ही गोष्टींसाठी उभे राहण्याच्या जागा बहुधा एकमेकींच्या विरुद्ध असतात.

गेटवेचे उदाहरण घेऊ. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली आणि १९२४ साली पूर्ण झालेली ही कमान समुद्राकडे तोंड करून उभी आहे. पहाटे ताज हॉटेलच्या बाजूने पाहिल्यास सूर्य कमानीच्या पलीकडे उगवतो. म्हणजे कमानीची काळी छायाकृती, मागे केशरी आकाश आणि कबुतरांचे थवे असे चित्र मिळते, पण दगडाचा पिवळसर रंग आणि त्यावरील जाळीकाम दिसत नाही. ते हवे असेल तर सूर्य पाठीशी घेऊन समुद्राच्या बाजूने पाहावे लागते, म्हणजेच होडीत बसावे लागते. त्यासाठी घारापुरीपर्यंत जाण्याची गरज नाही. बंदरात थोडा वेळ फिरवून आणणाऱ्या होड्यांतूनही गेटवे आणि ताज सकाळच्या उन्हात एकाच चौकटीत येतात. पावसाळ्यात या फेऱ्या बंद राहतात. घारापुरीच्या लेण्यांना जाण्या-येण्यात अर्धा दिवस जातो आणि सोमवारी ती बंद असतात, त्यामुळे दोन दिवसांच्या बेतात मी त्यांना जागा देणार नाही.

दिशेचा हा हिशेब शिकण्यासाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे ओव्हल मैदान. त्याच्या पूर्व कडेला एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या इमारती आहेत, तर पश्चिम कडेला १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग आहे. या दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. सकाळी मैदानात उभे राहिले की पूर्वेचे ऊन थेट आर्ट डेको इमारतींच्या दर्शनी भागावर पडते. फिकट पिवळे, गुलाबी, पिस्त्याच्या रंगाचे सज्जे, गोलाई दिलेले कोपरे आणि दारांवरील ठसठशीत अक्षरे त्या वेळी स्पष्ट दिसतात. त्याच क्षणी मागे वळून राजाबाई टॉवरकडे पाहिले, तर तो काळवंडलेला आणि मागचे आकाश जळून पांढरे झालेले दिसते. संध्याकाळी चारनंतर सगळे उलटते. सूर्य आर्ट डेको इमारतींच्या मागे जातो आणि त्याचे ऊन मैदान ओलांडून टॉवरवर पडू लागते.

१८७८ साली पूर्ण झालेला हा टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव त्याला दिले. संध्याकाळी त्याच्यावर काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. आधी मैदानावर सावली येते, मग ती समोरच्या रस्त्यावर आणि झाडांच्या बुंध्यांवर चढते. तोवर खाली क्रिकेट खेळणारी मुले सावलीत गेलेली असतात आणि टॉवरचा वरचा भाग मात्र मधासारख्या उन्हात असतो. या टप्प्यावर माड आणि खेळाडू खाली गडद, वर उजळ दगड असे दोन थर मिळतात. कॅमेरा संपूर्ण दृश्याची सरासरी धरून वरचा भाग पांढरा करून टाकतो, म्हणून उजेडाचे माप टॉवरच्या दगडावरून घ्यावे. मोबाइल असल्यास पडद्यावर टॉवरला बोट लावून चौकट थोडी काळोखी करून घ्यावी. शनिवार-रविवारी मैदानात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. सीमारेषेच्या बाहेर राहणे आणि गोलंदाजाच्या मागे नजरेत येईल असे उभे न राहणे एवढे पाळले, तर कोणी हरकत घेत नाही.

सूर्य कोणत्या दिवशी नेमका कोठे उगवेल आणि मावळेल हे दाखवणारी अनेक मोफत अ‍ॅप आहेत आणि ती जरूर वापरावीत. पण मोटामोटी अंदाज डोक्यात असलेला बरा. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते: डिसेंबरात नैर्ऋत्येकडे, जूनमध्ये वायव्येकडे. मरीन ड्राइव्हवर वानखेडे स्टेडियमच्या समोरच्या कठड्यावर बसले, तर डिसेंबरात सूर्य उघड्या समुद्रात उतरताना दिसतो आणि मे अखेरीस तो मलबार हिलच्या इमारतींमागे जातो. एकच कठडा, पण महिन्यागणिक वेगळे चित्र. वेळेचेही तसेच. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आत-बाहेर होतो, जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास. सूर्यास्त नोव्हेंबर अखेरीस सहाला आणि जुलैच्या आरंभी सात वीसच्या आसपास. विदर्भातून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की रेखांशातील फरकामुळे मुंबईत सूर्य नागपूरपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे उशिरा उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. पहाटेच्या गजराची वेळ त्यानुसार बदलावी.

दुसऱ्यांची छायाचित्रे उलटी वाचावीत

समाजमाध्यमांवर किंवा नकाशाच्या अ‍ॅपवर एखाद्या ठिकाणाची शेकडो छायाचित्रे असतात. ती नक्कल करण्यासाठी पाहू नयेत. ती माहितीचा साठा म्हणून पाहावीत. सावली कोणत्या बाजूला पडली आहे, खिडक्यांच्या कोणत्या कडा उजळल्या आहेत, रस्त्यावर वाहने आहेत की नाहीत, जमीन ओली आहे की कोरडी, यावरून घेणाऱ्याने ते केव्हा आणि कोठून घेतले हे उमगते. राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी यांच्या बाबतीत तर काम आणखी सोपे आहे, कारण दोन्ही इमारतींवर घड्याळे आहेत. चित्र मोठे करून पाहिले की काटेच वेळ सांगतात. आवडलेल्या पाच-सहा चित्रांतील वेळा टिपून ठेवल्या, तर त्या ठिकाणाचा चांगला तास कोणता हे कोणालाही न विचारता कळते. चित्र घेतल्याचा महिना मात्र त्याच्या तारखेवरून पाहावा, कारण मे महिन्यातील पाच वाजता आणि डिसेंबरातील पाच वाजता यांत बराच फरक असतो.

रस्त्यावरून दिसणारी दृश्ये दाखवणारी नकाशातील सोयही उपयोगी पडते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. मुंबईत गेली काही वर्षे मेट्रो, किनारी रस्ता आणि जुन्या इमारतींची डागडुजी यांची कामे सतत चालू आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या दृश्यात मोकळी दिसणारी इमारत आज हिरव्या जाळीत गुंडाळलेली असू शकते. त्या ठिकाणची अगदी ताजी, गेल्या आठवड्यातील छायाचित्रे पाहून निघावे.

हवेचाही अंदाज त्याच चित्रांतून येतो. हिवाळ्यात मुंबईवर धुरकट थर असतो आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांबड्या चकतीसारखा होऊन त्यात विरून जातो. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, धूळ बसलेली असते आणि ढगांचे पुंजके शिल्लक असतात. आकाशासाठी मला तोच काळ सर्वांत चांगला वाटतो.

तिन्हीसांजेची घाई

युरोप-अमेरिकेतील छायाचित्रकारांचे व्हिडिओ पाहून आलेल्या माणसाची मुंबईत एका बाबतीत फसगत होते. उत्तरेकडील देशांत सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे सोनेरी ऊन आणि नंतरचा निळा प्रकाश बराच वेळ टिकतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. सूर्य मावळल्यानंतर आकाशात निळा रंग आणि इमारतींवर दिवे असा जो समतोल लागतो, तो वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि मग आकाश नुसते काळे उरते. तेवढ्या वेळात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे शक्य नसते. संध्याकाळसाठी एकच जागा पक्की करावी आणि सूर्यास्तापूर्वी किमान पाऊण तास तेथे पोहोचून चौकट ठरवून ठेवावी.

या वेळेसाठी दक्षिण मुंबईत तीन जागा विचारात घेण्यासारख्या आहेत. सूर्यच हवा असेल तर मरीन ड्राइव्हचा कठडा. दिव्यांची माळ हवी असेल तर कमला नेहरू उद्यान, कारण तेथून आपण पूर्वेकडे खाली पाहत असतो, सूर्य पाठीमागच्या टेकडीआड गेलेला असतो आणि मरीन ड्राइव्हच्या वळणावरील दिवे एकामागून एक लागत जातात. मात्र उद्यान बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. तिसरी जागा सीएसएमटीच्या समोरची. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. तिचा दर्शनी भाग पश्चिमेला असल्याने तिच्यावर दुपारनंतरचे ऊन येते, आणि अंधार पडल्यावर रोषणाई होते. समोरच महापालिकेची १८९३ मधील इमारत आहे, तीही स्टीव्हन्स यांचीच. रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर कॅमेरा कठड्यावर किंवा खांबाला टेकवून एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. गर्दीच्या पदपथावर ट्रायपॉडचे पाय पसरले की पोलीस हटकतात आणि ते योग्यच आहे.

बांद्र्याच्या किल्ल्यावरून सी लिंक पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पूल जवळून पाहण्यापेक्षा दादर चौपाटीवरून, चैत्यभूमीजवळच्या प्रेक्षक सज्जावरून पाहणे अधिक आवडते. तेथून संपूर्ण पूल पश्चिमेला आडवा दिसतो आणि सूर्य त्याच बाजूला उतरतो. पुलावर वाहन थांबवण्यास मनाई आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुपार वाया जाऊ द्यायची नाही

सकाळी साडेनऊ-दहानंतर ते चारपर्यंत उघड्यावरील इमारतींचा नाद सोडावा. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलै अखेरीस तर मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावलीदेखील त्याच्या पायातच पडते. या वेळेसाठी छताखालच्या जागा हेरून ठेवाव्यात. दादाभाई नवरोजी मार्गाच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या खालून जाणारे कमानींचे पदपथ आहेत. बाहेरच्या रस्त्यावर कडक ऊन पडलेले असते आणि तेथून परावर्तित झालेला मऊ उजेड कमानींच्या आत येतो. पुस्तके, पट्टे, मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या माणसांचे चेहरे त्यात फार सुरेख दिसतात. कमानींच्या ओळीत उभे राहून लांबवर पाहिले, की सावली-उजेडाच्या पट्ट्यांतून माणसे चालत येताना दिसतात. एका जागी थांबून योग्य माणूस योग्य पट्ट्यात येण्याची वाट पाहणे, एवढेच करायचे असते.

तेथून जवळच महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, जिला लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. १८६९ साली उघडलेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांचे उठावशिल्प शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांच्या हातचे आहे आणि बरेच लोक त्याच्याखालून मान वर न करता जातात. आत फळांच्या राशींवर वरून झिरपणारा उजेड असतो. विक्रेत्याशी दोन शब्द बोलून, जमल्यास पाव किलो काही घेऊन मग कॅमेरा काढला तर तो स्वतःहून पेटी नीट मांडून दाखवतो. न विचारता लेन्स रोखली तर पाठ फिरवतो.

काळा घोडा परिसरातील १८८४ मधील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा निळ्या रंगात उभे राहिले. आत जाण्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे आणि शनिवार हा शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी आत छायाचित्रणाची अपेक्षा धरू नये.

बाणगंगेसारख्या जागी कसे वागावे

वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव शहराच्या यादीत असतोच, पण तेथे जाणाऱ्यांतील बहुतेक जण वरच्या पायरीवरून एक रुंद चित्र घेतात आणि पाच मिनिटांत परत फिरतात. तलावाला चारी बाजूंनी पायऱ्या आहेत, म्हणून आधी कॅमेरा न काढता पूर्ण फेरी मारावी. कोणत्या देवळाच्या भिंतीवर ऊन आहे आणि कोणत्या बाजूच्या पाण्यावर सावली आहे हे पाहावे. उजळलेल्या भिंतीचे प्रतिबिंब सावलीतल्या पाण्यातच स्वच्छ दिसते. मग पाण्यापासून दोन-तीन पायऱ्या वर बसावे आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा. एवढे केले की मागच्या उंच इमारती चौकटीबाहेर जातात आणि दीपमाळ, पायऱ्या, पाण्यातील बदके एवढेच उरते. इमारती मुद्दाम चौकटीत घेण्यातही अर्थ आहे: शिलाहार काळापासून सांगितला जाणारा गोड्या पाण्याचा तलाव आणि त्याच्यावर वाकून पाहणारे मनोरे, हे आजच्या मुंबईचे खरे चित्र आहे.

मात्र येथे श्राद्धविधी होतात आणि सर्वपित्री अमावास्येला मोठी गर्दी असते. ओल्या धोतरात पिंडदान करणाऱ्या माणसाकडे दूरवरून झूम लेन्स रोखणे हे कितीही चांगले चित्र मिळत असले तरी करू नये. काठावरच्या घरांचे दरवाजे उघडे असतात आणि वाळत घातलेले कपडे, सारवलेले अंगण, ओट्यावर बसलेली आजी हे सारे रस्त्याचाच भाग वाटते. तरी ते घर आहे. गिरगावातील खोताच्या वाडीत लाकडी जिने आणि रंगीत व्हरांडे असलेली घरे पाहायला जाणाऱ्यांनीही हेच पाळावे. कोणी दिसले तर ‘काका, बाहेरून एक फोटो घेऊ का?’ असे विचारावे. नकार मिळाला तर वाद न घालता पुढे जावे.

जेथे कॅमेरा काढण्यापूर्वी चौकशी करावी

ससून डॉक १८७५ पासूनचा आहे आणि पहाटेचा माशांचा लिलाव पाहण्यासारखा असतो, पण ते बंदराचे क्षेत्र आहे. तेथे परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही आणि शेजारी नौदलाचा परिसर आहे. परवानगी मिळवण्याइतका वेळ दोन दिवसांत नसतो, म्हणून तेथे कॅमेरा बंद ठेवून जावे किंवा त्याऐवजी दादरचा फूल बाजार निवडावा. रेल्वेच्या हद्दीत मोठा कॅमेरा काढल्यास सुरक्षा दलाचे जवान विचारपूस करतात. केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी स्वतंत्र परवानगी लागते. ड्रोन घरीच ठेवावा. मुंबईत पोलिसांचे मनाईचे आदेश वारंवार निघतात आणि दक्षिण मुंबईत नौदलाचे तळ आहेत.

भरती-ओहोटीचे वेळापत्रकही याच यादीत घालावे. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या पुढील भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते आणि त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लाटा फुटतात. त्यांचे छायाचित्र रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून, लांब लेन्सने घ्यावे. लाटेचा खरा आकार तेथूनच कळतो, कारण चौकटीत पळणारी माणसेही येतात. लाटा अडवण्यासाठी टाकलेल्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर उतरू नये.

शनिवार-रविवारचा एक बेत

रात्रीच्या गाडीने येणारा माणूस पहाटे दादरला उतरत असेल, तर पश्चिमेचा फूल बाजार स्थानकाला लागूनच आहे. झेंडूचे ढीग, ताडपत्र्यांखालचे पिवळे दिवे आणि डोक्यावर भारे घेऊन धावणारे हमाल हे दृश्य उजाडण्याच्या सुमारास सर्वांत भरलेले असते. सामान स्थानकावरील क्लोकरूममध्ये ठेवावे, कारण पाठीवर सॅक घेऊन त्या गर्दीत उभे राहणे म्हणजे धंद्याच्या वेळी दुसऱ्याची वाट अडवणे होय. त्यानंतर मुक्कामी जाऊन थोडी विश्रांती घ्यावी. मुक्काम फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेटच्या आसपास परवडत असेल तर थोडे जास्त पैसे मोजूनही तेथेच करावा, कारण दुसऱ्या पहाटे चालत गेटवेला पोहोचता येणे हीच या बेतातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दुपारी मंडई आणि कमानींचे पदपथ, चारच्या सुमारास ओव्हल, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी तेथून निघून चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. हे अंतर दहा मिनिटांचे आहे.

रविवारी पहाटे गेटवे. तेथून आठच्या आत काळा घोडा आणि बॅलार्ड इस्टेट गाठावे. आठवडाभर गाड्यांनी भरलेले हे रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात आणि दगडी इमारतींची पूर्ण उंची रस्त्याच्या मधोमध उभे राहून टिपता येते. परतताना ओव्हलवर आर्ट डेकोची रांग सकाळच्या उन्हात मिळते. दुपारी उपनगरात जाण्याचा विचार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक (देखभालीसाठी काही मार्गांवरील गाड्या बंद ठेवण्याची वेळ) आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावा. तो बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन चारपर्यंत चालतो आणि आखलेल्या बेताचे तीनतेरा वाजवतो. चारनंतर टॅक्सीने बाणगंगा, तेथून कमला नेहरू उद्यान.

परतीची गाडी सीएसएमटीहून रात्रीची असेल, तर गाडीच्या वेळेआधी तासभर तेथे पोहोचावे आणि समोरच्या पदपथावरून रोषणाईतील इमारत टिपून घ्यावी. ट्रायपॉड मिटून बॅगेत ठेवल्यावरच स्थानकात शिरावे. वेळ उरला तर प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह आणि वाघ, आणि जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हातभार लागलेले कोरीव काम लांब लेन्सने पाहावे. उजेड कमी असल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) सोळाशेच्या खाली ठेवण्याचा हट्ट धरू नये.